ट्रेनर कशासाठी लावावा?

घरात कोणाचे वजन वाढले, रक्तातली साखर काठावर आली, की सल्ला ठरलेला असतो: जिम लाव, आणि नुसती जिम लावून काही होत नाही, पर्सनल ट्रेनर घे. हा सल्ला आता इतका अंगवळणी पडला आहे की त्याच्या खरेखोटेपणाची चौकशी कोणी करीत नाही; चौकशी होते ती फक्त पैशांची. पुण्यामुंबईतल्या साधारण जिममध्येही महिन्याच्या बारा सत्रांना आठ-दहा हजार रुपये सहज लागतात, कुठे पंधराही. ज्यांना झेपते ते भरतात. ज्यांना झेपत नाही ते आपले वजन पैशाअभावी उतरत नाही अशी समजूत करून घेतात आणि प्रयत्नच सोडून देतात. मला ही दुसरी गोष्ट जास्त लागते. पहिल्यांचे पैसे जातात. दुसऱ्यांचा धीर जातो, आणि तोही एका चुकीच्या गृहीतकापायी.

याच्या उलट मतही तितकेच ठाम आहे. ट्रेनर म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. आपल्या आजोबा-पणजोबांनी कुठे ट्रेनर लावला होता? सकाळी उठून चालावे, बारा सूर्यनमस्कार घालावेत, दोन घास कमी खावेत, बस्स. या मतात बरेच तथ्य आहे, आणि म्हणूनच त्याचा प्रतिवाद जपून करावा लागतो.

माझे म्हणणे या दोन्हींहून वेगळे आहे. वजन उतरवण्यासाठी ट्रेनर लावणे हा तोट्याचा व्यवहार आहे. ताकद कमावण्यासाठी, ठरावीक मुदतीपुरता ट्रेनर लावणे हा चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांसाठी फायद्याचा व्यवहार आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण तो दुबळा करून पाडण्यात अर्थ नाही. ट्रेनरच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या जातात. एकटा माणूस जेवढा घाम गाळतो त्याच्या दुप्पट ट्रेनर गाळून घेतो, म्हणून चरबी जास्त जळते. माणूस स्वतःहून नियमित राहत नाही. समोर कोणी वाट पाहत असले, पैसे भरलेले असले, की पाय आपोआप वळतात. आणि तिसरी गोष्ट अशी की मोठमोठ्या वैद्यकीय प्रयोगांतसुद्धा ज्यांना मार्गदर्शक दिला होता त्यांचेच वजन उतरले.

पहिल्या मुद्द्याचा हिशेब कागदावरच करता येतो. सत्तर किलोचा माणूस ट्रेनरच्या देखरेखीखाली तासभर वजने उचलतो. सेटच्या मधली विश्रांती धरली तर त्या तासात साधारण अडीचशे ते साडेतीनशे कॅलरी खर्च होतात. तो घरी खुर्चीत बसून राहिला असता तरी सत्तरएक खर्च झाल्याच असत्या. म्हणजे खरी भर सव्वादोनशेच्या आसपास. महिन्याची बारा सत्रे धरली तर पावणेतीन हजार कॅलरी. किलोभर चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. एवढा खर्च करून, एवढे श्रम करून महिन्याला हाती लागते किलोचा जेमतेम तिसरा हिस्सा. चारच्या चहाबरोबर पन्नास ग्रॅम फरसाण तोंडात टाकले तर अडीचशेच्या वर कॅलरी पोटात जातात. तासाभराची सगळी कमाई तिथे संपते. ट्रेनर दुप्पट घाम काढेलही, पण घामात जाते ते पाणी, आणि ते तांब्याभर पाण्याने परत येते.

इथेच थांबलो तर व्यायामावर अन्याय होईल. व्यायामाने वजन उतरतच नाही, असे नाही. अमेरिकेत जोसेफ डॉनेली यांनी २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात तरुण स्थूल मंडळींना आहाराचे कोणतेही बंधन न घालता आठवड्यातून पाच दिवस, दहा महिने, देखरेखीखाली व्यायाम करायला लावले. दर वेळी ४०० कॅलरी खर्च होईपर्यंत व्यायाम करणाऱ्यांचे वजन सरासरी ३.९ किलोने आणि ६०० कॅलरी खर्च करणाऱ्यांचे ५.२ किलोने उतरले. पाच दिवस आणि दहा महिने, हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. आठवड्यातून तीन दिवसांचे पॅकेज विकत घेणाऱ्याला 'तीन महिन्यांत बारा किलो' असे आश्वासन मिळते, तेव्हा ते या प्रयोगाच्या तुलनेत किती अवास्तव आहे हे कळते. त्यात शरीराची स्वतःची काटकसर वेगळीच. हर्मन पॉन्टझर यांनी टांझानियातल्या हाडझा लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजून २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. शिकार करीत आणि कंदमुळे खणत दिवसभर पायपीट करणारी ही माणसे; पण शरीराचा आकार लक्षात घेता त्यांचा एकूण खर्च खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्यांच्या एवढाच निघाला. शरीर एकीकडे खर्च वाढला की दुसरीकडे हात आखडता घेते. पॉन्टझर यांच्या या मांडणीवर वाद आहेत आणि तिचा अर्थ व्यायाम निरुपयोगी आहे असा लावणे चूकच; पण व्यायामाच्या तासावर वजनाचे सगळे गणित टाकणे किती कच्चे आहे, एवढे तिच्यावरून नक्की समजते.

आता दुसरा मुद्दा, शिस्तीचा. हा मला सर्वांत वजनदार वाटतो आणि बहुतेक लोक पैसे भरतात ते याच विश्वासाने. सुदैवाने नेमका हाच प्रश्न संशोधकांनी तपासला आहे. रॉबर्ट जेफरी, रीना विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या काहींना नेहमीचे मार्गदर्शन दिले, काहींना त्याबरोबर ठरलेल्या वेळी एकत्र चालण्याचा कार्यक्रम दिला, काहींना त्यातही पर्सनल ट्रेनर दिला, काहींना हजर राहिल्याबद्दल पैसे दिले आणि काहींना दोन्ही. पाय वळतात, हे खरे ठरले: ट्रेनर आणि पैसे या दोन्हींमुळे हजेरी वाढली, दोन्ही मिळाले तेव्हा सर्वांत जास्त वाढली. पण माणसांचा एकूण ऊर्जाखर्च वाढला नाही आणि दीर्घ मुदतीत वजनही इतरांपेक्षा जास्त उतरले नाही.

माझ्या मते या वादात हा एक अभ्यास निर्णायक आहे, आणि त्याचा अर्थ लावायला फार खोल जावे लागत नाही. आठवड्याचे तास १६८. ट्रेनर त्यांतल्या तीन तासांचा राखणदार. वजनाचा निकाल लागतो तो उरलेल्या १६५ तासांत: कार्यालयातल्या वाढदिवसाच्या केकपाशी, लग्नाच्या पंगतीत, रात्री साडेदहाला उघडलेल्या फ्रीजसमोर. तिथे ट्रेनर नसतो. उलट सकाळी व्यायाम झाला या समाधानात माणूस दिवसभर कमी हलतो आणि एक पोळी जास्त घेतो. हजेरीची शिस्त आणि ताटाची शिस्त या दोन स्वतंत्र शिस्ती आहेत. एक विकत घेतली म्हणून दुसरी फुकट मिळत नाही.

याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या दूरचित्रवाणी स्पर्धेत सापडते. तिथे नामवंत ट्रेनर होते, तासन् तास व्यायाम होता, कॅमेरे होते. यापेक्षा कडक देखरेख कल्पनेत येणार नाही. केव्हिन हॉल यांच्या गटाने चौदा स्पर्धकांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यांतले ४१ परत आले होते. पुढच्या वर्षी त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती व्यायामाच्या बाजूची आहे: ज्यांनी उतरलेले वजन बऱ्यापैकी टिकवले, ते स्पर्धा संपल्यावरही रोजच्या जगण्यात भरपूर हालचाल करीत राहिलेले लोक होते. ट्रेनर निघून गेल्यावर माणूस काय करतो, यावर सगळे ठरले.

तिसरा मुद्दा वैद्यकीय प्रयोगांचा. त्यासाठी हमखास दाखला दिला जातो तो अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाचा. २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांपैकी ज्यांना जीवनशैली बदलायला मदत केली, त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. जीवनशैलीच्या गटातल्या प्रत्येकाला स्वतःचा मार्गदर्शक होता, हे अगदी खरे. पण तो मार्गदर्शक करीत काय होता, हे पाहायला नको का? त्याच्याकडे सोळा धड्यांचा अभ्यासक्रम होता. खाल्लेले लिहून ठेवणे, स्निग्ध पदार्थ मोजणे, स्वतःचे वजन नियमितपणे तपासणे, हॉटेलात काय मागवावे, मन खचले तर काय करावे, आणि आठवड्याला १५० मिनिटे बहुतांशी चालण्यासारखा व्यायाम. यात डंबेल मोजणारा ट्रेनर कुठेच नाही. हा दाखला ट्रेनरच्या नव्हे, आहार आणि सवयी यांवर काम करणाऱ्या समुपदेशकाच्या बाजूने जातो. वजनासाठी कोणाला पैसे द्यायचेच असतील तर ते चांगल्या आहारतज्ज्ञाला द्यावेत, इतकाच त्याचा निष्कर्ष निघतो.

एवढे पुरावे असूनही पहिले मत टिकून का आहे? कारण विक्रीची रचनाच तशी आहे. जिममध्ये नाव घातल्याच्या पहिल्या दिवशी नव्या सभासदाला एका यंत्रावर अनवाणी उभे करतात, दोन्ही हातांत मुठी देतात आणि मिनिटभरात कागद निघतो. चरबीची पट्टी सीमारेषेच्या बाहेर गेलेली, स्नायूंची आखूड. समोरचा मुलगा पेनाने चरबीच्या आकड्याभोवती गोल काढतो, शेजारी दुसरा आकडा लिहितो आणि पॅकेज सांगतो. स्नायूंच्या आखूड पट्टीवर त्याचे पेन क्वचितच थांबते. ते यंत्र शरीरातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधते. आदल्या रात्रीचे जेवण, प्यायलेले पाणी यांनीही आकडा हलतो. मग पहिल्या दहा दिवसांत भात-साखर तोडली की दोन किलो उतरतात, कारण साठवलेल्या ग्लायकोजेनबरोबर त्याला धरून असलेले पाणी जाते. आनंद होतो, श्रेय ट्रेनरला मिळते, पॅकेज वाढवले जाते. यात त्या मुलाचा दोष मी फारसा मानत नाही. त्याला काम दिले आहे आकड्याचे, त्याचा पगार आणि कमिशन आकड्यावर, आणि जे त्याला खरोखर शिकवता येते त्याची मागणी कोणी करीतच नाही.

ते काय, हा मंडनाचा भाग. इथे पुण्याचे एक संशोधन ध्यानात घ्यायला हवे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. उंची-वजनाच्या हिशेबात दोघे सारखे, आतून वेगळे. भारतीय माणूस दिसायला सडपातळ, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाभोवती; याज्ञिक वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत. अशा माणसाने नुसता काटा खाली आणला, तर जे आधीच कमी आहे तेही तो गमावून बसतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा २००६ सालचा भारतीय प्रयोगही हेच सुचवतो. ५३१ लोकांच्या त्या अभ्यासात आहार आणि चालण्याच्या सल्ल्याने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. काटा हलला नाही तरी शरीर सुधारते.

म्हणून प्रश्न असा विचारावा: उतरलेल्या वजनात काय उतरले? डेनिस व्हिलारियल यांनी २०१७ मध्ये पासष्टीपुढच्या स्थूल लोकांचा प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांचा आहार कमी केला. काहींना चालण्यासारखा व्यायाम दिला, काहींना वजने उचलण्याचा, काहींना दोन्ही. सहा महिन्यांत तिन्ही गटांचे वजन सारखेच उतरले, सुमारे ९ टक्के. पण चालणाऱ्यांच्या शरीरातला चरबीविरहित भाग ५ टक्क्यांनी घटला, वजने उचलणाऱ्यांचा २ टक्क्यांनी, दोन्ही करणाऱ्यांचा ३ टक्क्यांनी. आणि रोजच्या हालचालींची क्षमता सर्वांत जास्त वाढली ती दोन्ही करणाऱ्यांची. काट्याला यातला फरक दिसत नाही. जिना चढताना गुडघ्याला दिसतो.

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शने आपल्या बाजारात आल्यापासून हा मुद्दा अधिकच तातडीचा झाला आहे. वजन उतरवण्याच्या बाबतीत कोणताही ट्रेनर या औषधांशी बरोबरी करू शकणार नाही. पण औषधाने भूक मरते आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. ते राखायचे तर पुरेशी प्रथिने हवीत आणि वजन उचलण्याचा व्यायाम हवा. वजनाचे काम औषध करू लागले, की ट्रेनरचे खरे काम उघडे पडते.

यावर दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतील, त्यासाठी जिम कशाला, सूर्यनमस्कार आहेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा जो ध्यास घेतला, संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले, त्याबद्दल मला नितांत आदर आहे. ना उपकरण, ना जागा, ना खर्च. सर्वसामान्यांसाठी एवढी मोठी देणगी दुसरी नाही. पण व्यायाम म्हणून त्याच्या दोन मर्यादा मान्य कराव्या लागतात. त्यात ढकलणे आहे, ओढणे नाही. खांद्यांमागचे आणि पाठीच्या वरच्या भागातले स्नायू त्यात फारसे राबत नाहीत. आणि त्यात भार वाढत नाही. शरीराला सवय झाली की बाराचे चोवीस नमस्कार होतात, दम वाढतो, ताकद एका पायरीवर थांबते. चालण्याचेही तेच. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या सल्ल्यावरून पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणारी मंडळी महाराष्ट्रभर दिसतात. ती चालतात हे फार चांगले आहे, त्यांनी ते सोडू नये. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या चालण्यासारख्या व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही सांगितला आहे, आणि आपण नेमका तोच भाग गाळतो.

आजोबांना कोणी शिकवले नव्हते, हा दावाही इतिहासाला धरून नाही. तालीम हे शिकवण्याचेच ठिकाण होते. कोल्हापूरच्या तालमींत पोराने हौद्यात पाऊल टाकले की वस्ताद त्याची बैठक बघायचा, जोर मारताना कंबर पडते का बघायचा, मग जोर-बैठकांची संख्या वाढवायची की फिरवायला करेल हातात द्यायची ते ठरवायचा. मल्लखांबावर शरीर वर ओढायचे असते, दोर चढायचा असतो. सूर्यनमस्कारात जे नाही ते तिथे होते. परंपरेचा आधार घ्यायचाच तर तो पूर्ण घ्यावा: आपल्या परंपरेत भार होता, तो टप्प्याटप्प्याने वाढत होता, आणि तो वाढवणारा जाणता माणूस होता.

त्या जाणत्या माणसाचे काम जवळून पाहण्यासारखे असते. पन्नाशीच्या बाईंना स्क्वॉट शिकवायचा आहे. त्या खाली जातात तेव्हा टाचा उचलल्या जातात, गुडघे आत झुकतात, पाठीला पोक येतो. अनाडी ट्रेनर वीस वेळा करायला लावतो आणि मोजत उभा राहतो. चांगला ट्रेनर मागे एक बाक ठेवतो आणि सांगतो, बसा आणि हात न टेकता उठा. मग हातात पाच किलोचे डंबेल छातीशी धरायला देतो. पुढे वजन आले की तोल सावरतो आणि पाठ आपोआप सरळ राहते. श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा ते सांगतो. दोन आठवड्यांनी बाक खाली करतो, मग काढून टाकतो, मग वजन वाढवतो, आणि दर वेळचा आकडा वहीत लिहायला लावतो. तीन महिन्यांनी त्या बाई जमिनीवरून नातवाला उचलून उभ्या राहतात. हे पुस्तकातून किंवा चलचित्र पाहून शिकता येते, पण आपले गुडघे आत झुकतात हे आपल्याला आतून कळत नाही; ते कोणीतरी पाहावे लागते. आणि फार उशीर झाला असे कधी होत नाही. मारिया फियातारोन यांनी १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा भारव्यायाम करून घेतला. व्यायाम पूर्ण करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. अर्थात देखरेखीखाली.

शिकण्यासाठी लावलेल्या ट्रेनरला मुदत असते. पोहायला शिकवणारा माणूस जन्मभर काठावर उभा राहत नाही. ढकलणे, ओढणे, बसून उठणे, कमरेतून वाकून उचलणे आणि भार घेऊन चालणे, एवढ्या हालचाली नीट बसवायला आठवड्यातून दोन सत्रे आणि दोन-तीन महिने बहुतेकांना पुरतात. त्यानंतर साधी वर्गणी भरून एकट्याने करता येते, आणि सहा महिन्यांनी एखाद-दुसऱ्या सत्रात चुका तपासून घेता येतात. मोठ्या पॅकेजऐवजी एवढेच घेतले तर वाचलेल्या पैशांत आहारतज्ज्ञाच्या चार भेटी होतात.

निवड करताना सावध राहावे लागते. फिजिओथेरपी आणि पोषणशास्त्र हे व्यवसाय २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या केंद्रीय कायद्याखाली आले. जिम ट्रेनर त्यात नाही. भिंतीवरच्या प्रमाणपत्रामागे सहा महिन्यांचा अभ्यास असू शकतो किंवा एका शनिवार-रविवारची कार्यशाळा. म्हणून त्याला विचारावे, तीन महिन्यांनी मी तुमच्याविना काय काय करू शकेन? त्याने किलो सांगितले तर उठावे. त्याने हालचाली सांगितल्या, गुडघे-कंबर-रक्तदाबाची चौकशी केली, वही ठेवायला सांगितली, तर थांबावे. पहिल्याच आठवड्यात पावडरचा डबा विकायला काढणाऱ्याकडून काही शिकायला मिळण्याची आशा मी धरणार नाही. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, मधुमेहाने ज्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली आहे, छातीत दुखते किंवा कमरेतून कळ पायात उतरते, त्यांनी ट्रेनरकडे जाण्याआधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांना दाखवावे. श्वास रोखून जड वजन उचलणे त्यांना महागात पडू शकते. आणि ज्यांच्यापाशी या घडीला पैसे नाहीत, त्यांनी आजपासून ताटातले कमी करावे, चालावे, खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचे दहा-दहाचे दोन-तीन सेट एक दिवसाआड घालावेत, आणि सोपे वाटू लागले की पाठीवरच्या पिशवीत तांदळाचा पाच किलोचा पुडा घ्यावा.